वाणात गेलेला टॅरो

"एकच बाई. एकच बाई स्वतःहून दुसऱ्यांदा आली, तरी बाहेरची खोली दुपारची तुझी," दामाजींनी जाहीर केलं. "नाही आली, तर पत्ते माळ्यावर आणि तू बँकेच्या क्लासला."

मानपाड्याच्या एका केमिकल कंपनीत प्रयोगशाळा सांभाळून निवृत्त झालेल्या माणसाची ही अट होती. जो प्रयोग पुन्हा करता येत नाही तो प्रयोगच नव्हे, असं त्यांचं मत. त्यांची मुलगी कांता पार्ल्याला जाऊन टॅरो शिकून आली होती. केबलवर तो नुकताच दिसायला लागला होता, पण डोंबिवलीत पत्ते म्हटलं की अजून रमीच आठवायची.

"चालेल," कांता म्हणाली. "आईच्या हळदीकुंकवाला सगळ्या येतीलच."

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला खरंच सगळ्या आल्या. मालनबाई हळदीकुंकू लावून, हातावर तिळगूळ ठेवून एकेकीला कोपऱ्यात लेकीकडे पाठवत होत्या. तिथे टीपॉयवर पत्ते पालथे पसरलेले.

"हे माझं मरणबिरण सांगणार नाहीत ना गं?" खालच्या मजल्यावरच्या गोदूकाकूंनी आधीच विचारून घेतलं.

"नाही हो काकू. उद्याचं नाही सांगत पत्ता. आज तुमच्या मनात काय घोळतंय ते समोर आणतो. सुलटा आला तर एक अर्थ, उलटा आला तर दुसरा. प्रश्न मनात धरा आणि एक उचला."

बाई पत्ता उचले. कांता चित्र बघे आणि क्लासमध्ये शिकवल्याप्रमाणे डोळे मिटून, सावकाश अर्थ सांगे. डोळे उघडेपर्यंत समोर पुढची बाई बसलेली असे. पहिलाच प्रयोग असल्याने यात काही चुकतंय असं तिला वाटलं नाही.

शेवटची बाई गेल्यावर मालनबाई सोफ्यामागून पिशवी ओढत ओरडल्या, "अगंबाई! गाळण्या वाटायच्याच राहिल्या! कुणी विचारलं कसं नाही? मग ह्या बायकांनी वाण म्हणून नेलं काय?"

कांताने टीपॉयकडे पाहिलं. पत्त्यांचा गठ्ठा चांगलाच बारीक झाला होता.

हळद, कुंकू, तिळगूळ आणि मग "एक उचला". क्रम अगदी बरोबर होता. बायकांचं काहीच चुकलं नव्हतं.

सकाळी कांता चहाच्या गाळण्यांची पिशवी घेऊन पत्ते बदलून आणायला निघाली. सुरुवात गोदूकाकूंपासून.

"वाण परत मागतात का कधी?" काकू दारातच म्हणाल्या.

"पण काकू, वाचायला अख्खा संच लागतो मला. आणि तुम्हाला तर घोड्यावरचा सांगाडा आलाय."

"मग? तूच म्हणालीस ना, जुनं संपेल, नवं सुरू होईल? ठेवला ह्यांच्या सिगरेटच्या पाकिटात."

"कांता, ने गं बाई तो!" आतून मारुतीकाकांचा आवाज आला. "कालपासून एक ओढलेली नाही! पाकीट उघडलं की दात काढून बघतो माझ्याकडे!"

"अहो, गप बसा. आणि कांता, ती गाळणी ठेव हो इथे. आमचीच आहे ती."

प्रत्येक दारात हेच झालं. पत्ता कुणी सोडेना आणि गाळणी कुणी नको म्हणेना.

बाजारात हौसाबाई बसली होती. घरी मासळी देणाऱ्या या कोळणीला मालनबाईंनी आवर्जून बोलावलं होतं, आणि तिला नेमका पेल्यातून डोकं काढणाऱ्या माशाचा पत्ता आला होता. तो तिने प्लॅस्टिकमध्ये घालून टोपलीला बांधला होता.

"बाय, पेल्यान मासा! गिऱ्हाईक बघाला थांबतं नि घेऊनच जातं. समदी बोय मासली खपली माजी."

"हौसामावशी, अख्खा संच नसला तर मला वाचताच येत नाही गं."

"मंग मना बोलव. मी घेऊन येन. पन हातातून सोरनार नाय." तिनेही गाळणी ठेवून घेतली.

दुपारी कांता घरी आली तेव्हा पिशवी रिकामी होती.

"म्हणजे उपकरणच गेलं," दामाजी चहा ढवळत समाधानाने म्हणाले. "उद्या क्लासला तुझं नाव घालून टाकतो."

कांता काही बोलणार तेवढ्यात बेल वाजली.

दारात गोदूकाकू होत्या, हातात सिगरेटचं पाकीट. "ह्यांनी आता तंबाखूचा डबा काढलाय. त्याचं काय करायचं ते बघ. अख्खा संच लागतो म्हणालीस ना? म्हणून सगळ्यांना उठवून आणलंय."

काकूंच्या मागे अख्खा जिना भरला होता. प्रत्येकीच्या हातात आपापला पत्ता आणि चेहऱ्यावर नवा प्रश्न. सर्वांत शेवटी रिकामी टोपली काखेत घेऊन हौसाबाई. "वाचून झाला का माजा मासा मना परत," तिने बजावलं. चपला दुसऱ्या मजल्यापर्यंत गेल्या. दामाजींना कप आणि खुर्ची उचलून गॅलरीत जावं लागलं.

कांताने डोळे सताड उघडे ठेवून पत्ते गोळा केले, मोजले, पुन्हा मोजले.

"एक कमी आहे. सिंहासनावरचा दाढीवाला राजा. कुणाकडे आहे?"

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. गॅलरीतून खाकरल्याचा आवाज आला. दामाजी आत आले आणि त्यांनी शर्टाच्या खिशातून राजा काढला.

"टीपॉयखाली पडला होता. छपाई कशी आहे, तेवढी बघत होतो."

"कालपासून?" मालनबाईंनी विचारलं.

दामाजी कांताजवळ वाकले आणि आवाज उतरवून म्हणाले, "उलटा आला तर अर्थ बदलतो, म्हणालीस. मग खिशात ठेवताना डोकं वर हवं की खाली?"

कांताने राजा गठ्ठ्यात मिसळला आणि टीपॉय पुढे ओढला.

"सांगते बाबा. पण रांगेने या. हौसामावशीच्या मागे."