छर्रा मूळचाच हवा!

"हँडलवरचे स्विच ना? अर्ध्या तासाचं काम! उघडायचं, पुसायचं, बसवायचं. त्यात काय मोठंसं!"

असं जावईबापू सगळ्यांदेखत बोलून बसले. बोलायला काय जातंय! ऑफिसातला अडकलेला स्टेपलर त्यांनी एकदा चालू करून दाखवला होता. तेव्हापासून ते स्वतःला इंजिनीअरच समजत.

सासऱ्यांनी पेपर खाली केला. गाडी चालवण्याच्या परवान्याची परीक्षा घेण्यात त्यांची हयात गेलेली. इंडिकेटर न देता वळला म्हणून सख्ख्या भावालाही त्यांनी नापास केलं होतं! त्यांची मोटरसायकल त्यांच्या मुलीपेक्षा वयाने मोठी, आणि जावयाचा जीव लग्नाआधीपासून तिच्यात अडकलेला. तिच्यात म्हणजे मोटरसायकलमध्ये.

"उद्या सकाळी फेरी मारू," सासरे म्हणाले. "दोन्ही इंडिकेटर नीट लागले तर किल्ली तुमची. नाही लागले तर गाडी कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला देऊन टाकतो, तो कधीचा मागे लागलाय. आणि हो, एकही भाग बदलायचा नाही. सगळं मूळचंच पाहिजे!"

"छे छे, बदलायचं कशाला, बाबा!"

जावईबापूंनी इंडिकेटरचा स्विच वायरींसकट सोडवून जेवणाच्या टेबलावर आणला.

"अहो, बारीकसारीक ठेवायला वाटी देऊ का?" बायकोने विचारलं.

"वाटी कशाला? मी काय फोडणी घालतोय?"

झाकण उघडलं मात्र, आतली स्प्रिंग टणकन उडाली ती थेट टेबलाखाली! तिच्या टोकावर एक इवलासा पोलादी छर्रा असतो. त्याच्यामुळेच खटका डावीकडे किंवा उजवीकडे नेला की टक् करून तिथेच थांबतो. तो छर्रा जावईबापूंनी शिताफीने पकडला, समोर उताणं पडलेलं टोपण दिसलं त्यात ठेवला आणि स्प्रिंगच्या मागे टेबलाखाली शिरले.

टोपण होतं सासऱ्यांच्या होमिओपॅथीच्या बाटलीचं.

सासरे आले, तेही चष्म्याशिवाय. थरथरत्या हाताने त्यांनी टोपणात गोळ्या ओतल्या, त्यातली एक बाहेर सांडली. बाकीचं टोपण त्यांनी तोंडात रिकामं केलं.

"आज एक गोळी फार कडक हो! फुटता फुटेना. शेवटी गिळून टाकली."

"ताजी असेल, बाबा!" टेबलाखालून जावई म्हणाले.

स्प्रिंग घेऊन ते बाहेर आले. बघतात तो टोपण रिकामं! काळजात धस्स झालं. पण शेजारीच, ग्रीसच्या डबीत एक काळा गोल दाणा रुतून बसला होता.

"लबाडा, इथे पळून आलास होय!"

दाणा ग्रीससकट स्प्रिंगवर बसला. झाकण लागलं. टक्! संध्याकाळी डावा लागला, उजवा लागला. सासरे चक्क "बरं आहे" म्हणाले! आयुष्यात त्यांनी मोजक्याच माणसांना बरं म्हटलं असेल. जावईबापूंना रात्रभर किल्लीचीच स्वप्नं पडली.

सकाळी सासरे पुढे, जावई मागे. मोठ्या चौकातल्या गोल बागेला वळसा घालताना सासऱ्यांनी डावा इंडिकेटर दिला. खटका टिकला नाही. आपण होऊन उजवीकडे गेला. पुन्हा डावीकडे. पुन्हा उजवीकडे!

"हे काय चाललंय?" सासरे ओरडले.

"बाबा, वळा तर खरं!"

"इंडिकेटरशिवाय? मी? मेलो तरी वळणार नाही!"

आणि खरंच वळले नाहीत! गाडी बागेभोवती गरागरा फिरू लागली. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. एका टॅक्सीवाल्याने काच खाली केली.

"साहेब, ओळखलंत का? याच चौकात मला तीनदा नापास केलंत! नक्की कुठे जायचंय?"

सासऱ्यांची मान शरमेने खाली गेली. जावयाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी त्यांनी मागून डावा हात आडवा लांब केला आणि तोंडानेच "टक् टक् टक्" करत सासऱ्यांना चौकाबाहेर काढलं.

घरापाशी गॅरेजवाला हजरच होता. हँडलकडे बघून तो दचकला.

"अहो साहेब, स्विचला मुंग्या?"

त्याने झाकण उघडलं. आत ग्रीसमध्ये कालवलेला पांढरा भुगा! त्याने बोटावर घेऊन हुंगला.

"ही तर औषधाची गोड गोळी! मग छर्रा कुठाय?"

जावईबापूंची नजर टोपणाच्या आठवणीवरून सावकाश सरकत सासऱ्यांच्या पोटावर येऊन थांबली. तोंडचं पाणी पळालं! सासऱ्यांचीही नजर हळूच तिथेच आली.

"म्हणजे ती कडक गोळी..." ते मटकन पायरीवर बसले.

बायकोने डॉक्टरांना फोन लावला. "घाबरू नका," ते हसत म्हणाले, "दोन दिवसांत आपोआप बाहेर येईल."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. जावईबापूंनी मात्र किल्लीची आशा सोडली. गॅरेजवाल्याने खिशातून नवाकोरा छर्रा काढला. "हा बसवतो आणि गाडी घेऊन जातो."

"थांब!" सासरे उठले. "काल टक् वाजलं होतं, दोन्ही दिवे लागले होते. म्हणजे यांची जोडणी बरोबर आहे. गाडी जावयाचीच!"

"बाबा!" जावयाचे डोळे भरून आले. त्यांनी घाईघाईने नवा छर्रा घ्यायला हात पुढे केला.

"तो नाही," सासरे शांतपणे म्हणाले. "अट विसरलात? मूळचाच पाहिजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी सासरे पेपर काखेत मारून संडासाकडे निघाले. मागोमाग जावईबापू, नाकाला रुमाल बांधून, हातात चिमटा.

"अहो," स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं, "आता तरी वाटी देऊ का?"