अक्काची कंबर

आमच्या गल्लीतली महानंदाअक्का माझ्या दुकानात आली की आधी आडवी होते. बोलणंचालणं मागाहून. दुकान म्हणजे तरी काय, राणीसावरगावातल्या आमच्या घराची पुढची खोली, एक शिलाई मशीन, भिंतीला लटकवलेले ब्लाउज आणि जमिनीवर चिंध्या. त्या चिंध्या पायानं बाजूला सारून अक्का उताणी पडते, गुडघे उभे करते, हात अंगालगत ठेवते आणि छताच्या पत्र्याकडं बघत म्हणते, "हां रेखा, आता बोल." एकदा माप द्यायला आलेली नवी नवरी तिला तशी पडलेली बघून उंबऱ्यावरूनच परत गेली. माझं गिऱ्हाईक गेलं. मी अक्काला तोंडाला येईल ते बोलले. तर ती पत्र्यावरची नजर न काढता म्हणाली, "कंबरेचं हाय बाई. मॅडमनं सांगितलंय."

मॅडम म्हणजे परभणीच्या एका दवाखान्यात व्यायाम शिकवणारी तरुण पोरगी. अक्काची कंबर धरली ती सोयाबीन काढताना. वाकली ती वाकलीच, अण्णांनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, तशीच उचलून घरी आणली. मग परभणीला नेऊन फोटो काढला आणि मणक्यात गॅप निघाला. आमच्याकडं हल्ली ज्याच्या त्याच्या मणक्यात गॅप असतो, त्यामुळं गावाला त्याचं काही नवल वाटलं नाही. अक्काला मात्र वाटलं. गॅप पडला म्हणजे मधलं काहीतरी सांडलं असणार, असं तिनं धरलं. ते रानात सांडलं की न्हाणीत, यावर तिनं बरेच दिवस डोकं चालवलं. मॅडमनं गोळ्या कमी आणि व्यायाम जास्त सांगितला, तेव्हा उन्हाळ्यात आटलेली विहीर भरावी तसा व्यायामानं गॅप हळूहळू भरतो, अशी तिची खात्री झाली. तिचं मत बदलायच्या भानगडीत कुणी पडलं नाही.

मॅडमनं सांगितलेली इंग्रजी नावं अक्का बसस्टँडावर येईपर्यंतच विसरली. तिनं आपली ठेवली. उताणं पडून कंबर उचलून धरायची, तो गंगाखेडचा पूल. ओणवं होऊन पाठ वरखाली करायची, ते सारवण. गुडघे पोटाशी घेऊन पडायचं, ते थंडीतलं लेकरू. आणि ओणव्यानंच एक हात पुढं अन् उलट बाजूचा पाय मागं ताणायचा, तो देवगाव फाटा. "एक हात जालन्याला, एक पाय जिंतूरला, आन् मधी आपुन," असं ती समजावून सांगते. त्या फाट्यावर तिची एकदा बस चुकली होती. त्या फाट्याशी तिचा संबंध तेवढाच.

हे सगळं झालं की शेवटी डोळे मिटून जरा शांत पडायचं, असंही मॅडमनं सांगितलं होतं. खरी गोम इथं आहे. पूल, सारवण, लेकरू, फाटा अक्का भराभर उरकायची आणि हा शेवटचा व्यायाम तास तासभर चालायचा. दुपारचे दोन वाजले की असेल तिथं. भाचीच्या लग्नात इकडं अक्षता पडल्या, तिकडं मांडवाच्या कोपऱ्यात अक्का पडली. बँकेत पासबुक छातीवर ठेवून बाकड्यावर पडली. कुणी हटकलं की तिचं एकच, मॅडमनं सांगितलंय. त्यावर कुणाचं काही चालायचं नाही. कपाळाला विभूती लावलेली, पिकल्या केसांची बाई डोळे मिटून निश्चल पडलेली बघून दोघातिघांनी तर पाया पडूनही घेतलं. अण्णा दोनच्या आधी म्हैस गोठ्यातून काढून लांब लिंबाखाली बांधायचे. तिच्या हंबरण्यानं व्यायाम मोडायला नको.

माझ्याकडं दुपारी ती पडलेली असली की खोली कशी वेगळीच व्हायची. पत्र्याच्या भोकातून उन्हाचा एक कवडसा यायचा आणि तिच्या पोटावरून सरकत सरकत ब्लाउजांवर जायचा. बाहेर रस्ता सामसूम. माझं मशीन चालायचं, थांबायचं. अक्काचा चेहरा हळूहळू सैल पडायचा, सुरकुत्या कुठं जायच्या कुणास ठाऊक, आणि ती पोरीसारखी दिसायला लागायची. एकदा न राहवून विचारलं, अक्का, असतेस कुठं तू?

"नदीत," ती म्हणाली.

तिचं माहेर गोदावरीकाठचं. लहानपणी ती नदीत उताणी तरंगायची. कानात पाणी गेलं की गाव बंद, आईची हाकसुद्धा बंद. वर नुसतं आभाळ आणि बगळे. हातपाय मारायचे नाहीत, पाणी आपल्याला धरतं, आपण नुसतं धरू द्यायचं, असं ती डोळे मिटूनच सांगत होती. लग्न होऊन इकडं आली आणि नदी तिकडंच राहिली. माझं मशीन ऐकलं की तिला पलीकडच्या काठावर पाण्याची मोटर चालल्यासारखं वाटतं म्हणाली. मी विचारलं, बंद करू का मग? तर म्हणाली, नको, चालू दे, काठ हाय एवढं कळतंय. त्या दिवसापासून तिच्यासाठी तेवढी जागा मीच झाडून ठेवायला लागले, पण तिला काही बोलले नाही. शेफारली असती.

मग अण्णांनी तिला परत दाखवायला परभणीला नेलं. मला अस्तर आणि दोरे आणायचे होते, मीही गेले. मॅडमनं तिला वाकवलं, बसवलं, चालवलं आणि अण्णांकडं बघून म्हणाली, मावशी एकदम छान झाल्यात. आता दिवसाचं पडून राहायची गरज नाही, सगळी कामं करू द्या, सकाळी थोडा व्यायाम चालू ठेवा, बास. अण्णा इतके खूश झाले की त्यांनी तिथंच पेढ्याचं नाव काढलं. अक्काचं तोंड मात्र उतरलं. बरी झाले म्हणून रडवेली झालेली बाई मी जन्मात पहिल्यांदा बघितली.

"मॅडम, नीट बगा की," ती म्हणाली, "थोडा तरी राहिला असंल गॅप."

मॅडम हसली. तिला ती गंमत वाटली.

परतीच्या बसमध्ये अण्णा पुढच्या सीटवर पेढ्याचा पुडा मांडीवर घेऊन पेंगत होते. अक्का खिडकीतून पळणाऱ्या तुरी बघत होती. बऱ्याच वेळानं तिनं सासूचं काढलं. दिवसा आडवी झालेली बाई घराचं वाटोळं करती, असं सासू म्हणायची. आणि नुसतं म्हणायची नाही, तशी वागायचीही. तिची पाठ भिंतीला टेकलेलीसुद्धा अक्कानं कधी बघितली नाही. "गेली तवाच आडवी झाली," अक्का म्हणाली.

मग माझ्याकडं न बघता हळूच म्हणाली, "थकले म्हनलं तर जलमभर कुनी ऐकलं न्हाई, रेखा. कंबर गेली म्हनलं तर अण्णांनी सोता चादर अंथरली. आता उद्यापासून काय सांगू?"

मी म्हटलं, दुखायलीय म्हणून सांग, कोण बघायला येतंय. तर ती माझ्यावरच उखडली. खोटं कसं बोलायचं? मॅडमनं सांगितलंय ना, बरी झाले म्हणून.

दुसऱ्या दिवशी दोन वाजले, अक्का आली नाही. झाडलेली जागा तशीच. कवडसा आला, रिकाम्या फरशीवरून सरकत गेला. मला मेलीला काम सुचेना. शेवटी उठले आणि तिच्या घरी गेले. अण्णा ओट्यावर बसले होते. मला बघून त्यांनी नुसता हात केला, हळू.

आत मधल्या खोलीत चादरीवर तिची सून शिल्पा पडली होती. ही पोरगी पहाटे उठते, स्वैपाक उरकते, दिवसभर कापूस वेचते, रात्री लेकरू तिला झोपू देत नाही. आज तिला रानात जाऊ दिलं नव्हतं. गुडघे उभे करून पडलेली असणार, ते आता एका अंगाला कलले होते आणि तोंड उघडं टाकून ती गाढ झोपली होती. अक्का उंबऱ्याजवळ ताठ बसून, नातू मांडीवर घेऊन मेथी निवडत होती.

मी कानाशी जाऊन विचारलं, "हिची कंबर कधी गेली?"

"गेली न्हाई. जायच्या आदी शिकिवते," अक्का म्हणाली. "गेल्यावर निजायचं म्हनलं की लय उशीर होतोय बाई."

"आन् तू कामून निजली न्हाईस?"

"काठावर कुनीतरी पायजे की," ती म्हणाली आणि मेथीची एक काडी बाजूला टाकली.

अक्कानं मान वर करून मला खालपासून वरपर्यंत बघितलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी कंबरेवर हात दाबून उभी होते. रोजच असते. मशीनवर बसून बसून ती सवयच झाली आहे.

"तुजी कंबर कशी हाय गं?" तिनं विचारलं.

मला कुठली आली फुरसत, असं मी नेहमीसारखं म्हणणार होते. पण तोंडातून निघालं, "लय थकले, अक्का."

तिनं नातवाला खाली ठेवलं, कंबर न धरता सरळ उठली, फडताळातून दुसरी चादर काढली आणि शिल्पाच्या शेजारी अंथरून हातानं साफसूफ केली. मी उताणी झाले. वर मातीच्या माळवदाची जुनी लाकडं, मधल्या झरोक्यातून उतरलेला पिवळट उजेड. अक्कानं माझ्या कपाळावर हात ठेवला, मेथीचा वास आला. हातपाय मारू नकोस, म्हणाली.

डोळे मिटता मिटता ओट्यावर कुणीतरी आल्याचं ऐकू आलं. घरात कुणी दिसंना, बाया कुठं गेल्यात, असं विचारत होतं.

"हळू बोल," अण्णा म्हणाले. "बाया नदीवर गेल्यात. उशिरानं ये."