विसपुत्यांचं सोन्याचं नाणं

विसपुते पापडसुद्धा कडेने धरतात. अंगठा आणि पहिलं बोट, मध्ये पापड, बाकीची बोटं हवेत. मग तो उजेडात फिरवून बघतात आणि त्यानंतरच खातात. कतारमध्ये मुऐदरला आम्ही एकाच व्हिलाच्या दोन तुकड्यांत राहतो. मध्ये प्लायवूडची भिंत आहे, त्यामुळे त्यांच्याबद्दल मला नको तितकी माहिती आहे.

पेशाने ते वेल्डिंग इन्स्पेक्टर. स्टेडियमच्या लोखंडात भेग सापडली की जोड नापास करायचा, आणि घरी येऊन नाण्यावर भेग सापडली की नाचायचं, असा त्यांचा दिवस. नाणी अमेरिकेतली, सोन्याची, दोनशे वर्षांपूर्वीची. तेव्हा तिथल्या टांकसाळीत पोलादी ठशावर एकेक तारा हाताने ठोकत, त्यामुळे एक ठसा दुसऱ्यासारखा नसे. ठसा तडकला तरी त्यानेच नाणी पाडत राहायचे, आणि तो तडा नाण्यांवर उमटायचा. कुठला तारा किती सरकलाय यावरून ठसा ओळखायचा, हे विसपुत्यांचं वेड. त्यांच्याकडे अशा नाण्यांचे फोटो ढीगभर, नाणं मात्र एकच. नाशिकला वडिलांच्या पेढीवर कुणीतरी मोडीत आणलेलं. त्या सोनाराने जन्मात एकदाच काहीतरी न वितळवता ठेवलं, ते हे.

"ठसा बघ, ठसा," हे त्यांचं पालुपद. एकदा सूक वाकिफच्या बाजारात आम्ही डझनभर मामूल घेतले. खजूर भरलेली, साच्यात दाबून काढलेली ती बिस्किटं. विसपुत्यांनी काउंटरवरच त्यांची विभागणी केली: सात एका साच्यातली, पाच दुसऱ्यातली, आणि दुसऱ्या साच्याची एक पाकळी चिरलीय. दुकानदार नुसता यल्ला, यल्ला म्हणत घाई करत राहिला. मागे रांग होती.

फुटबॉलचा विश्वचषक जवळ आला तसं सगळं शहरच बेचैन झालं. सकाळी गेलेला रस्ता संध्याकाळी परत येताना सापडायचा नाही. विसपुते तर एका जागी बसेचनात. त्यांच्या येरझाऱ्यांनी माझ्या भिंतीवरचं कॅलेंडर हलायचं. त्यांच्या नाण्यावर एका ताऱ्याचं टोक शेजारच्या अक्षराला टेकलं होतं, आणि असा ठसा कुठल्याच पुस्तकात नव्हता. फोटोवरून मात्र ते टोक आहे की सावली, हे ठरत नव्हतं. ज्या अमेरिकन जाणकाराशी ते अकरा वर्षं ईमेलवर भांडत होते, तो आता सामने बघायला येणार होता आणि नाणं हातात घेऊन बघणार होता. त्याने होकार दिला की नवीन ठशाची नोंद होणार, आणि नोंदीत विसपुत्यांचं नाव लागणार. "एवढं झालं की खलास," ते म्हणायचे, "मग मी घरी जायला मोकळा."

त्याच धांदलीत, सामन्यांपायी व्हिजिट व्हिसा बंद व्हायच्या आत, वहिनी नाशिकहून आल्या. विसपुते कतारला आल्यापासून दोघांची एकत्र अशी ही पहिलीच दिवाळी. लक्ष्मीपूजनाला मी फराळावर डोळा ठेवून वेळेआधी पोहोचलो. चौरंगावर तांदळाच्या राशीवर ते नाणं होतं. लखलखीत.

"किती कळकट ठेवलं होतं यांनी," वहिनी कौतुकाने सांगू लागल्या. "रिठ्याच्या पाण्यात भिजवलं, आणि दंतमंजन लावून ब्रशने घासलं. सोनाराची सून आहे मी. आज मामंजी असते तर खूश झाले असते."

जुनं नाणं धुवायचं नाही, पुसायचंसुद्धा नाही, यावर या माणसाने मला तास तास ऐकवलं होतं. एकदा मी नुसती फुंकर मारली तर आठवडाभर बोलले नव्हते. विसपुत्यांनी खिशातून भिंग काढलं, नाणं पाहिलं, भिंग परत खिशात ठेवलं. छान झालंय, म्हणाले, आणि वाकून नाण्यावर हळदकुंकू वाहिलं. त्यानंतर माझं कॅलेंडर हललं नाही. मला ते फार लागलं.

उद्घाटनाच्या आठवड्यात अमेरिकन गृहस्थ आले. मलाही बोलावणं होतं, बहुतेक धीर द्यायला. गृहस्थांनी नाणं कडेने धरलं, अगदी पापडासारखं, आणि बराच वेळ भिंगातून पाहिलं. मग म्हणाले, ब्रशने इथे इतकं घासलंय की तारा अक्षराला मुळात टेकला होता की नाही, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. नोंद होणार नाही. एवढं बोलून त्यांनी जरा रागानेच विचारलं, हे केलं कुणी?

तेवढ्यात वहिनी चहा आणि चकल्या घेऊन आल्या. त्यांना इंग्रजी येत नाही.

"मी केलं," विसपुते इंग्रजीत म्हणाले. "माझ्या हाताने."

गृहस्थांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की मीच मान खाली घातली. अकरा वर्षांचा मान त्या एका वाक्यात गेला होता.

"काय म्हणतायत हो ते?" वहिनींनी विचारलं.

"म्हणतायत," विसपुते म्हणाले, "इतकं स्वच्छ नाणं त्यांनी आजवर कुठे पाहिलं नाही."

वहिनी लाजल्या, आणि त्यांनी पाहुण्यांच्या बशीत आणखी एक चकली वाढली.