परतफेडीला घाबरणारा सावकार

भिकाजीपंतांना एकच भीती होती: कोणीतरी आपले पैसे परत करील.

मी एका मुंबईच्या वर्तमानपत्राचा अलिबाग तालुक्याचा बातमीदार, राहायला थळला. रेवसच्या बोटीने येणारे अंक गावात सर्वांआधी माझ्या हातात पडत. त्यामुळे पंत रस्त्यात भेटले की पहिला प्रश्न, "नोटीस आली का हो?" नाही म्हटले की त्यांचा चेहरा उजळे. "देणार नाहीत. ऐपतच नाही त्यांची," असे म्हणून ते विलायतेच्या बादशहांना माफ करीत आणि भाजीकडे वळत.

प्रकरण सरकारी कागदाचे, म्हणजे सरकारच्या कर्जरोख्याचे होते. अलिबागच्या तिजोरीत पंतांनी तीस वर्षे कारकुनी केली. रोखे घेऊन येणाऱ्यांना व्याज मोजून द्यायचे आणि कागदाच्या पाठीवरच्या चौकटीत तशी नोंद करायची, हे त्यांचे काम. त्यांतले साडेतीन टक्क्यांचे कागद त्यांना विशेष प्रिय. हे कर्ज सरकारने पंतांच्या जन्माआधी कधीतरी काढलेले. व्याज दर सहामाहीला कायम. मुद्दल फेडण्याची तारीख लिहिलेलीच नाही. सरकारच्या मनात आले तर तीन महिन्यांची नोटीस देऊन फेडता येई, एवढीच काय ती अट. महायुद्धानंतर बाजारात व्याज चढले, तसा या कागदाचा भाव निम्म्याजवळ उतरला. शहाणे विकून मोकळे झाले. पंतांनी त्याच सुमारास पेन्शन घेतली आणि पाचशेचा एक कागद विकत घेतला. त्याच्या पाठीवर आधीच्या मालकांच्या सह्या होत्या: एक पारशी, एक भाटिया, कोणी एक विधवा. "ही सगळी मंडळी गेली," पंत सांगत, "कर्ज ठणठणीत आहे."

पुढे एकोणीसशे तीस साल उलटले, व्याजाचे दर उतरू लागले आणि सरकार जुनी कर्जे फेडून स्वस्तात नवी काढणार अशी कुजबुज सुरू झाली. कागदाचा भाव वाढला. पंतांची झोप उडाली.

येथवर ठीक होते. पण हेच धोरण पंतांनी गावाला लावले होते. कोणी शिडी मागायला आला की म्हणत, "ने. परत आणू नकोस. सहामाहीला दोन नारळ दे." शिडी, कुदळ, छत्री, सगळे असेच गेले. नेणाऱ्याला पहिल्या दिवशी वाटे, म्हातारा खुळा आहे. खुळे कोण, हे जूनअखेर कळे. शिडी मोडली तरी नारळ चालू. छत्री नेणारा वारला, नारळ त्याच्या मुलाकडे. कोळीवाड्यातल्या हौसाबाईच्या नवऱ्याने जाळी उकळून रंगवायला तांब्याचा हंडा नेला होता. कोळीवाड्यात गेलेला हंडा पंतांच्या चुलीवर तसाही पुन्हा चढणार नव्हता; तेव्हा हे औदार्य की सोय, याबद्दल गावात दोन मते होती.

पंतांच्या स्वतःच्या वाडीत चाळीस माड होते, हेही नमूद केले पाहिजे.

व्याजाच्या दिवशी पंत कोट घालून ओटीवर वही उघडून बसत. येणाऱ्याला चटई, गूळपाणी. मग मुलाबाळांची चौकशी, होडीची, म्हशीची, दुखण्याखुपण्याची. त्यानंतर कुठे सही किंवा अंगठा.

"दोन नारलांपायी अर्धा दिस जातो माजा," हौसाबाई कुरकुरे. "मासली कोन इकंल? तुमी?"

"विकतो की. आधी सांग, धाकटीचा खोकला गेला का?"

"न्हाय गेला. मना जाऊ द्या, तर मी जाईन तिच्याकरं."

एका जूनअखेर हे पाहून मला युक्ती सुचली. सरकारी अट पंतांना शिरसावंद्य. मग तीच अट त्यांच्या ऋणकोंना का नको? हौसाबाईच्या वतीने मी पंतांना तीन महिन्यांची रीतसर नोटीस लिहिली. लिहिताना मला मजा वाटली, हे कबूल करतो. आठवड्याभरात आणखी अकरा जण नोटीस लिहून घ्यायला माझ्या दारी आले.

पंतांनी बाराही वाचल्या. "अट बरोबर उतरवली आहे," एवढेच म्हणाले.

मुदत भरली त्या सकाळी त्यांच्या अंगणात रांग लागली. मोडकी शिडी आली, काड्या उरलेली छत्री आली, दांडा नसलेली कुदळ आली. हौसाबाईने हंडा चिंचेने घासून लखलखीत केला होता. "घ्या. फिटलं," ती म्हणाली. पंतांनी प्रत्येक खात्यावर आडवी रेघ मारली. चटईवर कोणी बसले नाही. दहाच्या सुमारास अंगणात मी आणि भंगार उरलो.

"सुटलात पंत," मी म्हणालो. "आता कटकट नाही."

"माझ्या मुलानंही असंच केलं." मुलगा कराचीला मोठ्या हुद्द्यावर आहे, एवढेच गावाला ठाऊक होते. "शिक्षणाला लागलेले नऊशे रुपये त्यानं एकरकमी पाठवले. हिशेब चोख, पैचा फरक नाही. त्यानंतर पत्र नाही. सात वर्षं झाली. कशाला लिहील? फेडून मोकळा झाला."



त्याच दुपारी पंत कोळीवाड्यात गेले. हे मला हौसाबाईने सांगितले. तिच्या मासळी वाळवायच्या खळ्याच्या कडेला उभे राहून म्हणाले, "काहीतरी उसनं दे."

"तुमाला? काय देऊ?"

"काहीही. परत मात्र मागायचं नाही."

तिने तळ फाटलेली मासळीची पाटी पुढे केली. पंतांनी ती कोटापासून हातभर लांब धरून, गावातल्या मधल्या रस्त्याने घरी नेली. ब्राह्मणआळीत दोन दिवस खिडक्या बंद होत्या.

"पाटीचं करणार काय?" मी विचारले.

"काही नाही. मागच्या माडाला टांगली आहे. वास मारते." मग म्हणाले, "डिसेंबरअखेर व्याज द्यायला जायचं आहे."

तिजोरीतल्या तीस वर्षांत कोणाला तारखेआधी एक पैही न दिलेले भिकाजीपंत बावीस डिसेंबरलाच दोन नारळ घेऊन निघाले.