बिनमिठाचे अण्णा

लग्नाच्या पंगतीत पानात सगळ्यात आधी मीठ वाढतात. आमचे ढाकणे अण्णा शेजाऱ्याच्या पानातलं ते मीठ बोटाने ओढून घेतात आणि आपल्या पत्रावळीखाली सारतात. विचारायची पद्धत नाही. त्यामुळे तिसगावात त्यांच्या शेजारी फक्त परगावचा पाहुणा बसतो.

अण्णा आमच्या लॅबमध्ये टेक्निशियन, मी काउंटरवर. बीपीच्या पेशंटांना डॉक्टर आमच्याकडे पाठवतात. दिवसभराची आणि रात्रीची सगळी लघवी एका कॅनमध्ये जमवून आणायची, अण्णा त्यातलं सोडियम आणि पोटॅशियम मोजणार. सोडियम जास्त म्हणजे पोटात मीठ जास्त. रिपोर्ट छापायच्या आधीच अण्णा बाकावरच्या सगळ्यांसमोर निकाल सांगून मोकळे होतात. एका मास्तरांना म्हणाले, पोटॅशियम पार तळाला गेलंय, भाज्या खातो म्हणता त्या कुठल्या गावी जाऊन खाता? वर त्यांचं ठरलेलं वाक्य: "मानूस खोटं बोलतो, लघवी न्हाई."

मला हा माणूस आवडत नसे, सांगूनच टाकते. लोकांना उघडं पाडण्यात त्याला भारी गोडी.

गयाबाई डोंगराकडच्या वस्तीवरून यायच्या. बिनमिठाचं जेवून तोंडाची चव गेली म्हणायच्या, आणि सोडियम दर वेळी जास्तच. अण्णांनी सुनेदेखत सांगितलं, म्हातारी चोरून मीठ खाते. सुनेने मिठाची बरणी कुलपात घातली. वस्तीवरची पोरं त्यांना मीठचोर म्हणायला लागली.

पुढच्या खेपेला गयाबाईंनी कॅनशेजारी पाण्याची बाटली आपटली. "आमच्या बोअरचं पानी हाय. आता ह्याला बी चोर म्हन."

म्हातारीची जिरवायची म्हणून अण्णांनी हसत हसत ते पाणी यंत्राला लावलं. आकडा बघून हसू गेलं. पुन्हा लावलं, आकडा तोच. मीठ त्या पाण्यातच होतं, आणि बाई तेच पाणी पीत होती, त्यातच डाळ शिजवत होती, भाकरी थापत होती.

त्या गेल्यावर अण्णा स्टुलावर बसले. मग म्हणाले, "माझ्या घरी बी बोअरच हाय. सुमन देवाची शपथ घ्यायची, मीठ टाकलं न्हाई म्हनून."

सुमन त्यांची बायको. तिलाही बीपी होतं. अण्णा तिची लघवी स्वतः तपासायचे आणि सोडियम वाढलेलं दिसलं की तिला खोटारडी ठरवून, तिच्या हातचं सोडून खानावळीत जेवायचे. ती लकव्याने गेली तेव्हाही त्यांचं जेवण खानावळीतच चालू होतं. लघवी खोटं बोलली नव्हती, पण सुमनही बोलली नव्हती. मला अण्णांची दया आली, आणि रागही तेवढाच आला.

दुसऱ्या दिवसापासून अण्णा गयाबाईंना गोडं पाणी पोचवायला लागले. पहिल्यांदा नेलं ते लॅबच्या कोऱ्या कॅनमधून. मुताच्या डब्यातलं पाणी मी प्यायची नाही, असं म्हणून गयाबाईंनी ते अंगणात ओतून दिलं. मग अण्णांनी बाजारातून स्टीलची कळशी घेतली. भांडीवाल्याने नाव घालायचं मशीन हातात घेऊन विचारलं, कुणाचं घालू? अण्णांनी सुमनचं घालायला सांगितलं.

गयाबाईंना वाचता येत नाही. त्या कळशी हंड्यात रिकामी करतात आणि परत देतात. अण्णांशी अजून बोलत नाहीत.