गुरुपादप्पांचा उघडा फोटो

गुरुपादप्पांनी पोट आत ओढलं, तसा जावई विरूपाक्ष म्हणाला, "अजून थोडं, मामा."

"अजून ओढलं तर पाठीतून बाहेर येईल, जावईबापू."

लातूर नवा जिल्हा झाला आणि तालमीच्या पंचांनाही नव्याचं वारं लागलं. जुन्या पैलवानांचे उघड्या अंगाचे फोटो तालमीत लावायचे ठरले. समोरच्या घरातला मलप्पा तर चौकटीत जाऊन बसलाही होता. याच मलप्पाला गुरुपादप्पांनी तरुणपणी जत्रेत चीत केलं होतं. पण कुस्तीचे पंच तेव्हा नेमके दुसरीकडे बघत होते आणि 'माझा एक खांदा टेकलाच नव्हता' हे पालुपद मलप्पानं आजवर सोडलं नव्हतं. आता निदान फोटोत तरी त्याच्यापेक्षा भारी दिसावं, एवढी एकच इच्छा गुरुपादप्पांची उरली होती. अडचण पोटाची होती. दुष्काळात साऱ्या गावाची पोटं खपाटीला गेली, दुकानाच्या गादीवर बसून यांचं तेवढं पुढं आलं.

बाजारातल्या स्टुडिओत सदरा काढायची त्यांना लाज वाटली. विरूपाक्ष म्हणाला, "स्टुडिओ कशाला? आपल्या माळवदाला सवणं हाय की. छताच्या भोकातून ऊन पडतंय. एका बाजूनं ऊन, एका बाजूनं अंधार. दंडाची बेडकी अशी उठून दिसंल." रोलमध्ये एकच फोटो शिल्लक होता, म्हणून ऊन बरोबर खांद्यावर येईपर्यंत हलायचं नाही असं ठरलं. बायको, गौरम्मा, टँकरच्या रांगेत गेली होती. ती संधी साधून गुरुपादप्पांनी भरल्या घागरीनं अंघोळ उरकली, कपाळाला, दंडांना, छातीला विभूतीचे ताजे पट्टे ओढले आणि भिंतीला पाठ लावून मांडी घातली.

शेजारच्या माळवदावर रत्नम्मा कुरडया वाळत घालत होती. तिनं सहज गुरुपादप्पांच्या सवण्यातून खाली डोकावलं. अंधारात कॅमेरा धरून बसलेला जावई काही तिला दिसला नाही. दिसले ते गुरुपादप्पा. भिंतीला टेकलेले, अंगभर विभूती, नजर थिजलेली, छाती हलत नाही. लिंगायतांत माणूस गेला की त्याला असंच बसवतात. तरी तिनं घाई केली नाही. मग जमिनीवर पाण्याचा ओघळ दिसला आणि तिची खात्रीच पटली. या टंचाईत घागरभर अंघोळ एक तर नवरदेवाला, नाहीतर मेलेल्याला.

"आप्पा गेले की गं बाई," म्हणून तिनं हंबरडा फोडला.

गल्लीत निम्मे लोक आप्पाच होते. "रत्नम्माकडं कुणीतरी गेलं वाटतं," गुरुपादप्पा ओठ न हलवता पुटपुटले. "फोटो झाला की जाऊन येऊ."

"हलू नका, मामा. ऊन यायलंय."

उन्हाच्या आधी, रत्नम्माकडून ऐकून, मलप्पा आला. अनवाणी, धापा टाकत. तो गुरुपादप्पांपुढं उकिडवा बसला आणि लहान पोरासारखा रडू लागला.

"गुरुपादा, मला सोडून चाललास व्हय? आता खोटं बोलून कुणाची जिरवू? दोन्ही खांदे टेकले हुते रे माझे. तू जित्ता हुतास तवर तोंडातून निघालं न्हाई."

गुरुपादप्पांना भरून आलं. या एका वाक्यासाठी त्यांनी अर्धं आयुष्य वाट बघितली होती. शहाणा माणूस आणखी थोडा वेळ मेलेला राहिला असता. पण पोटानं किती धीर धरावा? ते सुटलं आणि त्याच्यामागून तोंडही.

"मग आधी का बोलला न्हाईस, मलप्पा?"

मलप्पा जागच्या जागी उताणा पडला. दचकून विरूपाक्षाचं बोट दाबलं गेलं.

रोल धुऊन आला तेव्हा गुरुपादप्पांनी पेढे वाटले. फोटोत मलप्पा जमिनीवर सपशेल चीत, आणि पुढं पोट सोडून बसलेले ते.

"हे पोट तालमीत लावणार?" गौरम्मानं विचारलं.

"पोट कोण बघतंय? त्याची पाठ बघ."

तेवढ्यात पेढा खायला मलप्पाही आला. त्यानं फोटो हातात घेतला, चष्मा लावला, पुष्कळ वेळ निरखला.

"उजवा खांदा टेकलाय, कबूल," तो म्हणाला. "डावा अंधारात हाय. टेकलाय कशावरून?"

आणि दुसरा पेढा उचलून तो चालता झाला.

गुरुपादप्पांनी पेढ्यांचा पुडा मिटला. मग म्हणाले, "जावईबापू, नवा रोल आणा. गौरम्मा, एक घागर पाणी काढून ठेव."

"एवढं पाणी कशाला?"

"पुन्हा मरावं लागंल."