सुपडूआप्पा कंपनी तपासतात

तुमच्या दारात विमा विकायला आलेल्या माणसाची नाडी तुम्ही कधी तपासली आहे का? नसेल, तर त्याच्या कागदावर सही कशाच्या भरवशावर केलीत?

सुरतेतल्या आमच्या लिंबायतच्या गल्लीतले सुपडूआप्पा तपासतात. एजंट खोलीत शिरला की ते म्हणतात, "बठा भाऊ, तपासनी शे." मग त्याचं मनगट धरून भिंतीकडे बघत बसतात. नंतर जीभ दाखवायला लावतात. आप्पा वैद्य नाहीत, कापडाच्या लूम्सवर कारीगर आहेत. नाडीतलं त्यांना काही कळत नाही. पण मेडिक्लेम देण्याआधी कंपनी आपल्या डॉक्टरकडून माणूस तपासून घेते, हे त्यांच्या कानावर आलं आणि त्यांनी ठरवून टाकलं, की ती मला तपासणार तर मी तिला तपासणार. कंपनी स्वतः काही जिना चढून येत नाही. म्हणून जो येतो त्याची जीभ.

जीभ पाहून झाली की प्रश्न. "कंपनीला आधीपासूनचा काही आजार? पैसे द्यायच्या वेळी चक्कर येते? कानाने कमी ऐकू येतं? घराण्यात कोणाला विसरायची खोड?" बहुतेक एजंट इथेच चपला शोधू लागतात. ते गल्लीच्या टोकाला पोचायच्या आत आप्पांनी निकाल लावलेला असतो, "नापास."

या वेडाचं मूळ गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. आप्पांची बायको लग्नानंतर थोड्याच वर्षांत वारली. मूलबाळ नाही. खानदेश सोडून ते सुरतेला आले आणि एका खाटेचे अर्धे मालक झाले. दुसरा अर्धा मालक बनमाली, ओरिसाचा. एकाची दिवसपाळी तर दुसऱ्याची रातपाळी. एक उठला की दुसरा आडवा होतो, त्यामुळे अंथरूण कधी गार पडत नाही. पाळ्या बदलल्या की झोपांचीही अदलाबदल. दोघांची गाठ पडते ती दारात, एकाच्या हातात डबा आणि दुसऱ्याच्या डोळ्यांत झोप. वीज बंद असते त्या सुट्टीच्या दिवशी मात्र मोठी पंचाईत. दोघंही घरी. "तू झोप रे." "नहीं, तुम सोओ." अशी ओढाताण चालते आणि शेवटी दोघंही फरशीवर झोपतात. खाट रिकामी.

या बनमालीला खोकला आहे. गेल्या हिवाळ्यात त्याला धाप लागली, तेव्हा आप्पांनी त्याला रिक्षात घालून एका खासगी दवाखान्यात नेलं. काउंटरवरच्या बाईंनी आधी अनामत मागितली, मग नातेवाईक मागितला.

"मी शे ना," आप्पा म्हणाले.

"तुम्ही त्याचे कोण?"

आप्पांनी बनमालीला पुन्हा रिक्षात घातलं. रिक्षा परत आली. बनमाली त्या वेळी तगला, पण खोकला गेला नाही. पुन्हा धाप लागली तर त्याला आत कोण घेणार, हा प्रश्न तेव्हापासून त्या खोलीत बिऱ्हाड करून आहे.

कामगारांसाठी सरकारी विमा आहे, कायद्यात छापलेला आहे. पण त्यासाठी हजेरीपटावर नाव लागतं. आमच्या शेठलोकांना कापडाचा वीतभर तुकडासुद्धा हिशोबात धरता येतो, ते विणणारा माणूस तेवढा धरायचा राहून जातो. म्हणून आप्पा मेडिक्लेमच्या मागे लागले. मी युनियनची पत्रकं लिहितो; मला वाटलं, वा, विमेवाल्यांची नाडी पकडणारा कामगार सापडला. मी त्यांच्यावर एक झणझणीत पत्रक छापलं. आप्पांनी त्याची चौपदरी घडी घालून खाटेच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सारली. खाट स्थिर झाली.

मग एका सुट्टीच्या दिवशी पंकजभाई आला. धंद्यात नवा, घामाघूम. गल्लीने त्याला आधीच सावध केलं असावं, कारण त्याने मनगट स्वतःहून पुढे केलं आणि जीभ न सांगता काढली. इतका लायक उमेदवार आप्पांना कधी मिळाला नव्हता. कागद वाचायला मला बोलावलं होतं. बनमाली कोपऱ्यात भात शिजवत होता.

"दवाखान्यात भरती झालो की पैसे तुम्ही देणार?"

"देणार ना, काका. पहिले बिल तुम्ही भरायचं. पछी कंपनी पाछा आपशे."

"म्हणजे घर पेटलं तर मी विझवायचं, आणि पाणी तुम्ही मागाहून पाठवणार."

पंकजभाई ओशाळून हसला.

"आणि जो आजार आधीच आहे, त्याचं काय?"

"ए नहीं चाले. आजार नवो जोईए."

आप्पा मागे वळले. "बनमाली, खांसी नया मंगता है. पुराना नहीं चलता."

बनमालीने खोकूनच होकार दिला.

"बरं, दवाखान्यात खाट एकट्याला देतात?"

"हा, काका."

"दिवसाची पण आणि रातची पण?"

"बेउ टाइम."

आप्पा विचारात पडले. "मग दुसरा कुठे झोपतो?"

या प्रश्नाला कंपनीच्या माहितीपत्रकात उत्तर नव्हतं. पंकजभाईने घाईघाईने अर्ज काढला. "घरात कोण कोण, काका? काकी?"

"वारली."

"छोकरां?"

"नही."

"आई-वडील?"

"नही."

"एटले एकट्याची पॉलिसी."

"दोन्हीस्नी," आप्पा म्हणाले, आणि कोपऱ्याकडे बोट केलं.

पंकजभाईने पेन थांबवलं. "दोघांची? एमनं तुमच्याशी नातं काय?"

"मी उठतो, तो झोपतो."

कंपनीच्या हिशोबाने कुटुंब म्हणजे नवरा, बायको, मुलं, आईबाप. उठणारा आणि झोपणारा त्यात बसत नाहीत. पोरगा भला होता. आवाज खाली आणून म्हणाला, "सख्खा भाऊ लिहू?"

"त्याचं आडनाव वेगळं, गाव वेगळं. खोटं लिहिलं तर उद्या त्या खोट्यावरच बोट ठेवून तुम्ही हात वर कराल."

पंकजभाईने वाद घातला नाही. "तर एमनी पॉलिसी अलग करू. डॉक्टर खोकला बघणार, पण ट्राय करू."

आप्पांनी पहिल्यांदा त्याच्यावरची नजर काढली.

"अलग तर सगळंच शे," ते म्हणाले. "पाळी अलग, झोप अलग, भाषा अलग. एका कागदावर तरी आम्ही दोन्ही एके जागी बसू, असं मले वाटे."

बनमालीला अहिराणी कळत नाही. त्याने पातेल्यावरचं झाकण काढलं आणि विचारलं, "क्या बोला?"

"बोलता है, तू एकदम तगडा है. तेरे को विमा नहीं लगता," आप्पांनी सांगून टाकलं.

बनमाली खूश झाला. त्याने पंकजभाईला आग्रहाने भात वाढला. पंकजभाईने तो मान वर न करता खाल्ला.

पुढे पाळ्या सुरू झाल्या. एकदा सकाळी मी आप्पांच्या दारावरून चाललो होतो. ते डबा घेऊन निघायच्या बेतात होते. त्यांनी अंथरूण झटकलं, चादर ताणली, मग उशी उलटी केली आणि तिची गार बाजू वर ठेवली. तांब्या हाताशी येईल असा सरकवला. तरी निघेनात. उंबऱ्यात कान देऊन उभे. मग गल्लीच्या टोकाला ओळखीचा खोकला ऐकू आला, तशा त्यांनी चपला पायात सरकवल्या.

पॉलिसी त्यांना अजून मिळालेली नाही. अर्जातलं कुटुंब मोठं करा म्हणून कंपन्यांशी भांडायला लागेल, ते भांडण आम्ही युनियनवाले करू. तुम्ही तोवर एवढंच करा. सुरतेजवळच्या सचिन गावात राहत असा की कडोदऱ्याला, तुमच्या गल्लीत अशी एक खाट आहे. आज तिथे जा आणि तिच्यावर झोपणाऱ्यांना विचारा, "दवाखान्याच्या काउंटरवर तुमचा नातेवाईक म्हणून कोण उभं राहणार?" उत्तर आलं नाही, तर तुमचं नाव आणि घराचा पत्ता तिथे सांगून या.